काकांचा कान आणि महागाचा स्पीकर

महागाचा स्मार्ट स्पीकर घ्यावा का, असं ऑफिसात दर दिवाळीला मला कुणी ना कुणी विचारतंच. मी चाकणच्या एका कंपनीत परचेसला आहे. दुसऱ्याच्या मालाची किंमत पाडणं हे माझं काम, त्यामुळे लोक मला मिक्सरपासून मंगळसूत्रापर्यंत सगळ्याचे भाव विचारतात आणि मीही तोंडावर उत्तर देते. स्पीकरचं विचारलं की मात्र मी म्हणते, "आधी नीट ऐकून बघ," आणि विषय बदलते. कारण मग मला दिघीचे आमचे घरमालक आठवतात, आणि ते आठवले की त्या दिवशी माझं कामात लक्ष लागत नाही.

त्यांना जाऊन आता दोन वर्षं होतील. मी त्यांना काका म्हणत असे. ते मला 'परचेस' म्हणत. माझं नाव त्यांना ठाऊक होतं, भाडेकरारावर त्यांनी ते स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, पण हाक मारताना कायम "ए परचेस, पाण्याची मोटर बंद कर." त्यांची सगळी नोकरी एका कारखान्यात तपासनीस म्हणून गेली होती आणि तपासनिसांचं आमच्या लोकांशी कधीच पटत नाही. "तुम्ही किंमत बघता, आम्ही माल बघतो," असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते. मी परभणीहून नवी आलेली, वरची खोली हवी होती, म्हणून गप्प बसले. नंतर फारशी गप्प बसले नाही.

त्यांच्या घरात नवी वस्तू आली की तिला पिवळा दोरा बांधला जाई. कारखान्यात ज्या मालाचा निर्णय व्हायचा असतो त्याला पिवळं लेबल लावून वेगळा ठेवतात, त्याला 'होल्ड' म्हणतात. काकांनी ती पद्धत घरी आणली होती. नवा कुकर, नवी छत्री, मुलाने आणलेलं घड्याळ, सगळं पिवळा दोरा बांधून पंधरा दिवस बघायचं आणि मगच घरातलं म्हणायचं. मलाही पंधरा दिवस होल्डवर ठेवलं होतं, दोरा बांधला नाही एवढंच. सोळाव्या दिवशी म्हणाले, "जिना उतरताना पाय आपटत नाहीस. चालेल." 'चालेल' ही मोठी शाबासकी होती. त्याहून वरची 'तक्रार नाही', आणि ती मी त्यांच्या तोंडून फक्त काकूंच्या आमटीबद्दल ऐकली. "लग्नाला इतकी वर्षं झाली, एकदा 'छान' म्हणाले असतील तर शपथ," काकू म्हणायच्या. पण त्या दिवशी त्या आमटी जरा जास्तच वाढायच्या.

खरी ख्याती मात्र त्यांच्या कानाची. फूटभर लांबीचा एक जुना स्क्रू ड्रायव्हर होता. त्याचं टोक चालू मशीनवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. आत गिअरचा कुठला दात घासतोय, कुठलं बेअरिंग रडतंय, ते त्यातून कळत असे. कारखान्यात एकदा त्यांनी एका गिअरबॉक्ससाठी अख्खी लाइन थांबवली होती. मोजमापं सगळी बरोबर, फोरमन भांडायला उठलेला, साहेब घड्याळ बघत उभे. काका म्हणाले, "उघडा." आत केसाएवढी एक चीर निघाली. ही गोष्ट मला त्यांनी नव्हे, त्यांच्याबरोबर निवृत्त झालेल्या एका शेजाऱ्याने सांगितली. काकांना विचारलं तर म्हणाले, "त्यात काय सांगायचं? तेच काम होतं."

रविवारी सकाळी त्यांच्या अंगणात लोक मिक्सर, पंखे, स्कूटर घेऊन येत. पलीकडे लष्कराची हद्द, तिथून अधूनमधून सरावाचे धमाके येत, आणि इकडे काका कुणाच्यातरी वॉशिंग मशीनला स्क्रू ड्रायव्हर लावून डोळे मिटून बसलेले. माझी स्कूटर गल्लीच्या तोंडाशी आली की त्यांना कळे. "परचेस आली. मागचा ब्रेक घासतोय तिचा," असं काकूंना सांगत आणि तो घासत असेच.

मग हळूहळू काका मऊ झाले. निदान आम्ही सगळे तसं म्हणू लागलो. पूर्वी दहातले सहा मिक्सर 'बदलून आण' म्हणणारा माणूस आता सगळेच 'चालेल' म्हणून परत देऊ लागला. "आजकालचा माल सुधारला बरं का. आवाजच करत नाही," असं एकदा कौतुकाने म्हणाले. आणखी एकदा आम्ही अंगणात चहा घेत होतो. काका म्हणाले, "चिमण्या राहिल्याच नाहीत दिघीत." त्या वेळी समोरच्या तारेवर सात-आठ चिमण्या बसून नुसता कलकलाट करत होत्या. काकांची पाठ होती तिकडे. मी काकूंकडे बघितलं. काकूंनी नजर खाली केली.

नंतर स्वयंपाकघरात त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू येत नाही त्यांना, वर्ष होत आलं. जाड आवाज येतो, बारीक येत नाही. तू बोलू नकोस बाई. पाय गेला असता तर काठी घेऊन हिंडले असते. कान गेला म्हटलं तर माणूसच बसेल." मी बोलले नाही. मला ती माया वाटली, काकूंचीही आणि माझीही. आज मला त्या मायेचा राग येतो.

कारण काका निवृत्तीनंतरही एका ठिकाणी तपासणीला जात होते. भोसरीत एका शेठचं छोटं वर्कशॉप होतं. शेठ मूळचा तिथल्याच गावातला, स्वतःच्या जमिनीवर शेड टाकून धंद्यात उतरलेला. तो वजन उचलायच्या होइस्टचे गिअरबॉक्स बनवायचा. छताखालच्या लोखंडी तुळईवर जे यंत्र टनभर माल उचलून माणसांच्या डोक्यावरून फिरवतं, ते होइस्ट. काका आठवड्यातून दोनदा जाऊन प्रत्येक गिअरबॉक्स कानाने तपासत आणि पास झालेल्यावर लोखंडी पंचाने स्वतःची खूण ठोकत, गोलात सातचा आकडा. त्यांच्या खुणेशिवाय माल बाहेर जात नसे.

त्यात माझाही हात आहे, आणि तो लपवून ही गोष्ट सांगता येणार नाही. शेठ एकदा काकांना सोडायला घरी आला होता. बेअरिंग फार महाग पडतात म्हणून रडत होता. मी परचेसवाली, मला राहवलं नाही. स्वस्तात देणाऱ्या एका व्यापाऱ्याचा नंबर मीच त्याला दिला. काका म्हणाले, "आधी नमुने आणा. बघू." नमुने आले. काकांनी जुनं बेअरिंग आणि नवं बेअरिंग चालवून ऐकलं आणि सांगितलं, "फरक नाही." मी आठवडाभर त्यांना चिडवत होते, की काका, अखेर किंमतवालीच बरोबर निघाली. त्या वर्षी शेठने पेढे वाटले. "सबंद वर्षात एक बी रिजेक्ट न्हाई, काका," असं म्हणून तो त्यांच्या पाया पडला होता.

अशात काकांचा मुलगा तो स्पीकर घेऊन आला. तो हिंजवडीला नोकरीला, वाकडला राहायचा, रविवारी यायचा. आईला भजनं आवडतात, हाक मारली की लावता यावीत, म्हणून त्याने चांगल्यातला चांगला आणला होता. काकांनी किंमत विचारली आणि सरळ पिवळा दोरा आणायला गेले. माझ्या खोलीत त्याच जातीचा लहान, सेलमध्ये घेतलेला स्पीकर होता. मी म्हणाले, "काका, माझाही तेच सगळं करतो. पाचपट कशाला द्यायचे?"

"आवाजात फरक आहे," मुलगा म्हणाला.

काकांनी दोन्ही लावून ऐकले. डोळे मिटून, मान तिरकी करून, चांगली दहा मिनिटं. मग म्हणाले, "फरक नाही. परत कर."

"बाबा, आहे फरक."

"तोंडाने कशाला भांडायचं? ट्रायल घेऊ. हरलो तर बिल मी देतो."

ट्रायल कशी घ्यायची हेही त्यांनीच ठरवलं. काकूंची एक जुनी साडी दारात टांगली. मुलगा दोन्ही स्पीकर घेऊन पलीकडे बसला. भजन एकच, आवाज सारखा, दहा वेळा लावायचं आणि दर वेळी कुठला स्पीकर ते त्याने मनाला येईल तसं बदलायचं. अलीकडे आम्ही तिघं. प्रत्येकाने कागदावर एक ते दहा आकडे घालून समोर 'मोठा' किंवा 'छोटा' लिहायचं, एकमेकांकडे बघायचं नाही. काकूंना असल्या गोष्टींचा कंटाळा. त्या चवळीच्या शेंगा मोडत बसल्या होत्या, कागद मांडीवर. माझ्या मनात खरं तर मजा चालली होती. मला काकांना जिंकलेलं बघायचं होतं, कारण ते जिंकले की परचेस जिंकणार होतं.

मुलाने बाहेर येऊन तीन कागद ताडून पाहिले. माझे दहातले नऊ बरोबर. काकूंचे दहाच्या दहा. "त्यात काय ओळखायचं?" काकू म्हणाल्या, "एकात झांजा वाजतात आणि एकात नुसतं काहीतरी चरचरतं." आणि बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. शेंग हातात तशीच राहिली.

काकांचे दहातले चार बरोबर होते.

"चला, आता बिल द्या बाबा," मुलगा हसत म्हणाला. काका हसले नाहीत. त्यांनी कागद पुन्हा पाहिला. मग मला म्हणाले, "मोठा लाव. जवळ आण." मी स्पीकर उचलून त्यांच्या पुढ्यात ठेवला. ते त्यावर हात टेकवून बसले.

"झांज वाजतेय?"

"हो, काका."

"आत्ता?"

"हो."

"आत्ताही?"

मी मान हलवली. ते काकूंकडे वळले आणि विचारलं, "तुला माहीत होतं?" काकूंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आता हा माणूस कोसळणार. काकूही त्याच भीतीने बघत होत्या. पण काका स्वतःचा विचार करतच नव्हते. ते माझ्याकडे बघून एकच शब्द बोलले, "बेअरिंग."

मला समजायला एक क्षण लागला. 'फरक नाही' हे त्यांनी त्याच कानाने ठरवलं होतं, आणि वर्षभर त्याच कानाने एकेक गिअरबॉक्स पास केला होता. वर्षात एकही रिजेक्ट नव्हता, कारण रिजेक्ट करणाऱ्याला ऐकूच येत नव्हतं.

काकांनी कात्री मागितली, स्पीकरचा पिवळा दोरा कापला आणि म्हणाले, "माल ओके. इन्स्पेक्टर रिजेक्ट." मग चप्पल घातली. "ए परचेस, स्कूटर काढ."

भोसरीत सुट्टी गुरुवारची असते, रविवारी वर्कशॉप चालू होतं. शेठने खुर्ची पुढे केली, चहा सांगितला. काका उभेच राहिले. म्हणाले, "नवी बेअरिंग आल्यापासून मी पास केलेला सगळा माल परत बोलवा."

शेठला आधी चेष्टा वाटली. मग त्याचा चेहरा बदलला. "काका, आवं पण एक तक्रार न्हाई. उगा कशाला? माल परत बोलावला तर मला दारात कोन उभं करंल? आमी नवा मानूस ठिवतो तपासायला. झालं ते झालं, तुमी कुनाला सांगू नका, मी न्हाई सांगत."

"तक्रारीची वाट नाही बघायची, शेठ. खाली माणूस उभा असतो."

"पर कशावरनं खराब हायेत?"

काकांनी रॅकवरचे पास झालेले पाच गिअरबॉक्स एकेक करून टेबलावर चालू करायला लावले आणि स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिला. मूठ कानाच्या कुठल्या हाडाला लावायची, टोक कुठे टेकवायचं, ते माझा हात धरून दाखवलं. पहिल्या तिन्हींत मला नुसती घरघर ऐकू आली. चौथ्यात घरघरीच्या आत काहीतरी बारीक होतं, पत्र्यावर सुई ओढावी तसं. मी काकांना सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. म्हणाले, "थांबून थांबून येतं की सलग?"

"थांबून थांबून."

"शेठ, तुम्ही ऐका."

शेठने ऐकलं. त्याने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला तेव्हा त्याच्या कपाळाला घाम होता. काकांनी खिशातून पंच काढून टेबलावर ठेवला. "सगळ्यांना फोन लावा. चूक माझी आहे असं सांगा, माझ्या नावाने सांगा. तुमचा धंदा राहिला पाहिजे."

शेठला मी नावं ठेवणार नाही. त्याने दोन दिवस घेतले, बायकोशी भांडला, आणि फोन लावले. काही गिऱ्हाइकं तुटली ती तुटलीच. पण माल परत येत गेला. प्रत्येक गिअरबॉक्स उघडला गेला, थोडेच खराब निघाले. स्वस्त बेअरिंग बंद झाली. त्या व्यापाऱ्याचा नंबर मी फोनमधून काढून टाकला, त्याने काही होत नाही हे माहीत असूनही. काकांना मुलाने कानाचं मशीन आणून दिलं. त्याने त्यांना कुकर ऐकू येऊ लागला, चिमण्याही येऊ लागल्या. पण पुन्हा तपासणीला बसा असं शेठ म्हणाला तेव्हा काकांनी साफ नाही म्हटलं. "हा आवाज मशीन मला सांगतं. गिअरबॉक्स सांगत नाही."

एक गिअरबॉक्स मात्र आला नाही. तो ज्याने नेला त्याने धंदा बंद करताना जुन्या मशिनरीच्या दलालाला विकला होता, आणि दलालाला इतकंच आठवत होतं की चाकणकडच्या कुणीतरी नेला. शेठ म्हणाला, एकाचं काय एवढं. काकांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून बसने चाकणला जायला लागले.

महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी. एकेक शेड. गेटवर नमस्कार करायचा, आत शिरायचं आणि मान वर करून छताखाली बघत चालायचं. शेठच्या मालाला मोरपंखी रंग असे, तो खालूनही ओळखता यायचा. वॉचमन हसायचे, काही हाकलून द्यायचे. मला ऑफिसात फोन यायचे, "मॅडम, एक म्हातारे आलेत, वर बघत फिरतात, तुमचं नाव सांगतात." सुरुवातीला मला लाज वाटली, हे मी कबूल करते. मग रविवारी मीच त्यांना स्कूटरवर घेऊन जाऊ लागले. असे पाच महिने गेले.

सापडला तो खराबवाडीच्या एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये. जेवणाची सुट्टी होती. काका दारातच थांबले आणि त्यांनी माझा दंड घट्ट धरला. वर तुळईवर मोरपंखी रंग होता. आणि त्याच्या बरोबर खाली एका लाकडी खोक्यावर एक कामगार डबा उघडून बसला होता.

मालकाला समजावण्यात बराच वेळ गेला. त्याला आम्ही वेडे वाटलो. अखेर आम्ही टळत नाही म्हटल्यावर त्याने कामगाराला बाजूला व्हायला सांगितलं आणि बटण दाबलं. वर शिडी लावून ऐकायची गरजच पडली नाही. तो आवाज मला खालून ऐकू आला. "काका, येतोय आवाज," मी म्हणाले. मालकालाही आला. रोजच्या गडबडीत तो कुणाच्या कानी पडला नव्हता. त्याने मुकाट्याने बटण सोडलं. चौघांनी दोर लावून गिअरबॉक्स उतरवला आणि उघडला. वरच्याच बाजूला काकांची खूण होती, गोलात सात. आतलं बेअरिंग हाताला लागताच सुटं झालं आणि त्यातला काळा भुगा मालकाच्या तळहातावर पडला.

तो कामगार एवढ्यात पुन्हा त्याच खोक्यावर जाऊन बसला होता. पस्तिशीचा असेल. काका त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. "या काका, जेवा," तो सरकून जागा करत म्हणाला. "लई वेळ झाला उभे हाव तुम्ही." बोलण्यावरून तो माझ्याच भागातला वाटला.

काका बाहेरचं काही खात नसत. ते बसले, त्याने दिलेली अर्धी भाकरी हातात घेतली आणि त्याला विचारलं, घरी कोण कोण असतं. तो घास चावत सांगू लागला. मागे ग्राइंडर सुरू झाला होता, त्या आवाजापुढे कानाचं मशीन निकामी होतं. काका त्याच्या ओठांकडे बघत, पुढे वाकून, कानामागे हात धरून ऐकत होते, पण त्यांना काही कळत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी खाली वाकून त्यांच्या कानाशी मोठ्याने सांगितलं, "बायको आहे, काका. आणि दोन मुली आहेत. धाकटी यंदा शाळेत गेली."

"पुन्हा सांग," काका म्हणाले.